लाल नाव

मी माणसं पुरवते. खोपोलीत एका लेबर कंत्राटदाराच्या ऑफिसात माझं टेबल आहे. कुठल्या कारखान्यात, कुठल्या पाळीला, कुठल्या मशीनवर उद्या कोण उभं राहणार, हे मी तिथे बसून ठरवते. दहिवलीला आमच्या घरात सगळे मास्तरकीतले. आईला माझं काम धड सांगता येत नाही, म्हणून ती शेजारणींना ‘कंपनीत मॅनेजर आहे’ असं ठोकून देते. मीही तिला दुरुस्त करत नाही.

या कामात एक गोष्ट असते, तिला ब्रेक म्हणतात. चहाचा नव्हे. कंत्राटी माणूस फार दिवस सलग राहिला तर उद्या कायम करा म्हणून हक्क सांगेल. म्हणून मधेच त्याचं नाव हजेरीतून काढायचं, एकवीस दिवस घरी बसवायचं आणि मग जणू आजच कुठून तरी उगवला असं पुन्हा घ्यायचं. कॉम्प्युटरवरच्या माझ्या तक्त्यात ब्रेकवरची नावं लाल असतात. बाविसाव्या दिवशी ती आपोआप काळी होतात आणि यादीत जाऊन बसतात. ही करामत मी स्वतः बसवली होती. शेठनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आणखी एक नियमही माझाच: ब्रेक संपल्यावर पहिल्याच दिवशी जो येणार नाही, त्याची जागा दुसऱ्याला द्यायची.

कोंडाण्याकडचे दोन भाऊ आमच्याकडे होते. थोरला पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. अकरा वर्षं तेच मशीन, आणि माझ्या कागदावर दर वेळी नवाच माणूस. धाकटा पॅकिंगला. दोघांचे चेहरे इतके सारखे, की पासावरचा फोटो कुणाचा हे मलाही नाव वाचल्याशिवाय कळायचं नाही. थोरल्याला मी दादा म्हणायचे. पावसाळा आला की तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा.

“ताई, माजा ब्रेक लावनीला टाका. नाय तरी घरी बसवताच, तं चिखलात जाऊ द्या.”

“दादा, मी शिक्षा देते आणि तुम्ही सुट्टी म्हणून घेता.”

“तुमी काय बी म्हना. आमचं भात लागतंय ना.”

त्या वर्षीही मी त्याचा ब्रेक बरोबर लावणीत बसवला. चौथ्या दिवशी कारखान्यातून फोन आला. मोठी ऑर्डर आहे, प्रेस नंबर तीनवर नवखा माणूस चालणार नाही, तोच पाहिजे. त्याचं नाव तर लाल. शेठ म्हणाले, “बघ काहीतरी.” काय बघायचं ते आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतं. मी दादाला फोन केला आणि सांगितलं, धाकट्याला शेतावर राहू द्या, तुम्ही त्याच्या पासवर या. असं आम्ही आधीही केलं होतं. गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं.

“तुमी सांगताय ना, मंग येतो,” तो म्हणाला.

दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीचा माणूस लावणीमुळे आलाच नाही. तक्त्यात एक कमी पडला, तर मी दादालाच पुढची पाळीही करायला लावली. ती निम्मी होत आली असताना प्रेस खाली आली, आणि त्याचा उजवा हात आत होता. मनगटापासून गेला.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा त्याची बायको चिखलाच्या पायांनी तशीच बाकावर बसली होती. खिडकीतल्या माणसाने तिला पेशंटचं नाव विचारलं. ती नवऱ्याचं नाव घेत नाही, तिच्या घरात कुणीच बाई घेत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नाव सांगितलं, धाकट्याचं. पास त्याचा होता, विम्याचं कार्ड त्याचं होतं, आणि कागदावर प्रेसपुढे तोच उभा होता. खरं नाव सांगितलं असतं तर ब्रेकवरचा माणूस आत कसा आला, हा प्रश्न सगळ्यात आधी माझ्या टेबलावर आला असता. शेठचा फोन वाटेतच येऊन गेला होता. नाव बदललं तर उपचार अडतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते खरं होतं का, हे मी आजतागायत कुणाला विचारलेलं नाही.

“ह्या कोण?” खिडकीतून प्रश्न आला.

“भावजय,” मी म्हणाले.

“सख्खं कुणी आलं नाही का? सहीला सख्खं माणूस लागेल.”

वहिनी उठून माझ्याजवळ आली. “ताई, मी कोन त्यांची? सांगा ना त्येला.”

“वहिनी, आत्ता गप्प राहा. त्यांच्याच भल्याचं आहे.”

ती परत बाकावर जाऊन बसली. धाकटा शेतातून धावत आला, तेव्हा मी त्याला पेशंटचा थोरला भाऊ म्हणून सही करायला लावली. वर मीच त्याला म्हणाले, नीट कर, खाडाखोड नको.

पुढचं सगळं त्या एका नावाने ठरलं. कामावर हात गेलेल्या माणसाला विम्याची पेन्शन मिळते, पण त्यासाठी डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं राहावं लागतं. धाकटा जाऊ शकत नव्हता, त्याला दोन हात होते. थोरला जाऊ शकत नव्हता, तो त्या दिवशी कामावरच नव्हता. धाकट्याच्या नावापुढे मी ‘कायम अनफिट’ लिहिलं आणि त्याचा पास रद्द झाला. नाव बदलून खरा अहवाल द्यायला अजूनही वेळ होता. रोज सकाळी मी ठरवायचे आणि दुपारी डबा खाऊन विसरायचे. मला माझ्या नोकरीची भीती वाटत होती, इतकं ते साधं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी मी पहिल्या पाळीला कारखान्याच्या गेटवर होते. पाळीच्या दहा मिनिटं आधी, नेहमीसारखा, दादा आला. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला, डाव्या हातात डबा. एकवीस दिवस पुरे झाले होते. आदल्या संध्याकाळी तक्त्याने त्याचं नाव काळं केलं होतं आणि मी यादी न वाचताच ग्रुपवर टाकली होती: पहिली पाळी, प्रेस नंबर तीन.

“नाव आलं म्हून आलो, ताई. पयल्या दिवशी नाय आलो तं जागा जाते ना.”

“दादा, अहो, काम कसं करणार तुम्ही?”

“झाडू मारतो. गेटवर बसवा. धाकट्याचा पास तं गेलाच.” मग टॉवेल छातीशी धरून तो हळूच म्हणाला, “कागदावर माजे दोनी हात हायेत ना? मंग काढू नका मला.”

वॉचमन माझ्याकडे बघत होता. मी दादाचा पास मागून घेतला. घरी जा, शेठशी बोलते, असं सांगितलं. शेठशी मी बोलले नाही.

गेटशेजारच्या केबिनमध्ये जाऊन मी तक्ता उघडला. नावापुढच्या रकान्यात हजर किंवा गैरहजर एवढंच लिहिता येतं. काचेतून दादा दिसत होता, डबा घेऊन फाटकाबाहेर तसाच उभा. मी गैरहजर लिहिलं. नियमाप्रमाणे त्याची जागा रिकामी झाली, आणि आठ वाजायच्या आत मी प्रेस नंबर तीनवर दुसरा माणूस पाठवला.