सायखेड्याच्या काचा

शेवाळ पाहायला कोणी प्रवासाला निघतं, हे मी आजवर ऐकलं नव्हतं. जानेवारीतल्या एका रविवारी मीच निघालो. माझी भाची केतकी वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. तिच्याकडे गाडी नाही, माझ्याकडे संशोधन नाही, जोडी जमली.

नाशिकहून पहिला थांबा गंगापूरच्या बाजूला, नदीला शहर लागायच्या आधी. इथे नदी अजून नदीसारखी दिसते. महिन्यापूर्वी केतकीने काचेच्या पट्ट्या बसवलेली लाकडी चौकट इथे पाण्यात बुडवून ठेवली होती. तशीच दुसरी शहराच्या खाली, सायखेड्याला. दोन्हींवर चढलेलं शेवाळ ताडून पाहायचं, एवढाच प्रयोग. इथल्या काचांवर हिरवी मखमल चढली होती. ती नीट पाहायला वाकलो आणि तसल्याच मखमलीवरून घसरून कमरेपर्यंत गंगेत (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) गेलो. पुण्य आपसूक पदरात पडलं.

ओल्या विजारीनेच मिसळ खाल्ली.

"मामा, आपण गिळलेल्या अँटिबायोटिकचा बराचसा भाग अंगातून तसाच बाहेर पडतो," केतकी तर्रीत पाव बुडवत म्हणाली. "कोंबड्यांचं, गुरांचंही तेच. शेवटी सगळं नदीत. औषध जंतू मारायला केलेलं, पण निळं-हिरवं शेवाळ जंतूंच्याच भावकीतलं. पहिला फटका त्याला."

"शेवाळासाठी कोण रडणार?"

"ते खाणारे किडे. मग किडे खाणारे मासे. मग मासे खाणारे तुम्ही."

मी जास्तीचा रस्सा मागवला.

सायखेड्याच्या घाटावर मांडव पडला होता. संध्याकाळी नदीची आरती होती आणि कोणी मोठे पाहुणे येणार होते. फलकावर त्यांचा फोटो एवढा मोठा होता, की मागची नदी झाकली गेली होती. आरती समितीचे अध्यक्ष बापू फेटा सावरत पुढे आले. चौकट ठेवताना केतकीची त्यांच्याशी ओळख झाली होती.

"ताई, तुमच्या काचा लय घाण झाल्या होत्या. भांड्याच्या पावडरीनं घासून चकाचक केल्या. पाहुणे यायचेत ना!"

चौकट होती तिथेच परत ठेवलेली होती. काचेत मला माझा चेहरा दिसत होता. केतकीचाही दिसत होता, तो पाहवेना.

"बापू, मला ती घाणच हवी होती."

बापूंनी फेटा काढला. "आयला! मग आता वं?"

आता दोन्हीकडे पुन्हा महिनाभर काचा बुडवायच्या. प्रबंधाची मुदत मार्चअखेर. तेवढी एकच संधी उरली होती. मी हळूच सुचवलं, "दगडावरचं थोडं खरवडून काचांना चोपड की. शेवाळ ते शेवाळ."

"आणि त्यावर माझं नाव घालू?" तिने विचारलं.  

मग बापूंनाच सुचलं. "काचांना हळद-कुंकू वाहतो. देवाला कोणी पावडर लावत नाय."

"हळद नको! तीही जंतू मारते."

"मग देव बाजूला बसवू."

केतकीने मान डोलावली. चौकटीपासून जरा लांब, प्रवाहाच्या खालच्या अंगाला एक गोटा मांडला, म्हणजे हळद काचांकडे येणार नाही. बापूंनी त्याला शेंदूर फासला.

"कोणाचा देव म्हणून सांगू?"

"शेवाळाचा," मी म्हणालो.

"नको, घासतील. जलदेवी सांगतो. अन् तिच्या आसपास पाण्यात हात घालायची बंदी."

महिन्याने गेलो तेव्हा गोट्याला हार होते, नारळाच्या करवंट्या होत्या, आणि चौकटीला कोणी बोटही लावलं नव्हतं. केतकीने ती अलगद वर काढली. काचांवर विरळ तपकिरी साय होती, मधे मधे टक्कल. ती आनंदाने किंचाळलीच.

"पास ना, ताई?" बापूंनी विचारलं.

"मी पास. हे औषधांनीच झालं का, ते प्रयोगशाळेत कळेल." तिने पुन्हा काचांकडे पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं. "गंगापूरला आज सकाळी केवढं हिरवं होतं, मामा."

परतीच्या वाटेवर ती नमुन्यांच्या बाटल्या मांडीवर धरून बसली होती. प्रत्येक गतिरोधकाला "मामा, हळू!" एखाद्या मंत्र्यालाही मी इतकं जपून नेलं नसतं. नदीला आई म्हणण्यात आपली एक सोय आहे: एकदा ओवाळलं, की तब्येत विचारावी लागत नाही. ती तब्येत आता माझ्या शेजारच्या सीटवर होती, तपकिरी आणि विरळ.

मी गाडी आणखी हळू घेतली.