लायलच्या कॉम्प्युटरचा ताप

लायल टोलेफसनच्या नावाने पोस्टात एकामागून एक खोकी येऊ लागली, तेव्हा मला वाटलं, म्हातारा शिवणयंत्र वगैरे मागवतोय की काय. खिडकीवर मीच बसते, त्यामुळे आमच्या गावात कुणाकडे काय येतं ते आधी मला कळतं.

"कॉम्प्युटर जोडतोय," तो म्हणाला. "तयार आणला तर आत काय आहे ते कसं कळणार?"

लायल सदुसष्ट वर्षांचा. एकोणतीस वर्षं त्याने गावचं धान्याचं कोठार सांभाळलं. त्याचं स्वतःचं दोन माणसांचं पिवळं विमानही होतं. रविवारी तो ते घेऊन शेतांवरून घिरट्या घालायचा. गेल्या शरदात डॉक्टरांना त्याच्या हृदयाचे ठोके चुकताना दिसले आणि उडवण्याचा परवाना गेला. विमान विकलं. नंतर दोन महिने हा माणूस खिडकीशी बसून नुसता वारा कुठून येतोय ते बघत असे. शेवटी हॅलिफॅक्सहून लेकीने, कर्स्टनने, फोनवर सांगितलं, "बाबा, कॉम्प्युटरवर विमान उडवता येतं. अगदी खऱ्यासारखं. फक्त मशीन दणकट हवं."

चार दिवस त्यांचं जेवणाचं टेबल अडलं होतं. बायको मार्लिस ताट मांडीवर घेऊन जेवली. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, तेव्हा लायलने मला फोन करून बोलावलं. पडद्यावरचं विमान धावपट्टीवरून उठलं, ढगात शिरलं, आणि पाचव्या मिनिटाला अडखळायला लागलं. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा अठ्ठ्याण्णववर गेला आणि पडदा काळा झाला.

"पडलं का?" मार्लिसने विचारलं.

"विमान नाही पडलं. प्रोसेसर तापला."

तापणं म्हणजे काय हे लायलला कुणी शिकवायची गरज नव्हती. कणगीतला कनोला, म्हणजे मोहरीसारखं तेलबी, आतून तापायला लागला की तो हात घालून ओळखायचा. त्याने मशीनचं झाकण काढलं आणि प्रोसेसर गार ठेवायला त्यावर बसवलेल्या पंख्याच्या ठोकळ्याला हात लावला. ठोकळा गार होता.

"हे खोटं बोलतंय," तो म्हणाला. "अठ्ठ्याण्णव असतं तर माझं बोट भाजलं असतं."

मग सल्ले सुरू झाले. कर्स्टन म्हणाली, ठोकळ्याखालचं प्लॅस्टिक काढायचं राहिलं असेल. ते त्याने काढलं होतं. कचऱ्यातून शोधून दाखवलंही. इंटरनेटवर एकाने लिहिलं, ठोकळ्याखाली उष्णता वाहून न्यायला लावतात ती पेस्ट कमी पडली. त्याने ठोकळा काढला, पुसला, जास्त पेस्ट लावली. आकडा तोच. दुसऱ्याने लिहिलं, पेस्ट जास्त झाली. तिसरा म्हणाला, हे प्रोसेसर पंचाण्णवपर्यंत तापायलाच बनवलेत, काळजी कसली करता?

"म्हणजे हा आजारी आहे की याची प्रकृतीच अशी?" लायलने मला विचारलं. मी काय सांगणार, मी तिकिटं विकते.

मार्लिसचा उपाय सरळ होता. "बाहेर उणे चोवीस आहे. खिडकी उघड आणि ठेव तिथे." त्याने ठेवलं. आम्ही तिघं कोट, टोप्या घालून पडद्यापुढे बसलो. खोलीत तोंडातून वाफ निघत होती आणि आकडा, अठ्ठ्याण्णव. लायलने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. इतका गोंधळलेला तो मला परवाना गेला तेव्हाही दिसला नव्हता.

शुक्रवारी मला दाताच्या डॉक्टरकडे स्विफ्ट करंट शहरात जायचं होतं, म्हणून मीच मशीनसकट त्याला गाडीत घातलं. तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानातली रोवेना कामाला वाघीण आहे. तिने मशीन तापवलं, ठोकळ्याला हात लावला आणि भुवया वर केल्या.

"हा गार कसा?"

"तेच तर मी सगळ्यांना सांगतोय!"

"अहो, गार आहे म्हणूनच घोळ आहे. खालची उष्णता याच्यापर्यंत पोचतच नाहीये."

तिने ठोकळा काढला. पेस्टचा ठसा फक्त एका कडेला उमटला होता, अर्धवट मारलेल्या शिक्क्यासारखा. खोक्यात ठोकळा बसवायच्या खुंट्या दोन मापांच्या आल्या होत्या. लायलने त्यातल्या लांब लावल्या होत्या. ठोकळा प्रोसेसरला धड टेकलाच नव्हता. तिने आखूड लावल्या आणि बोलता बोलता मदरबोर्डमधली एक सेटिंगही बदलली, कारण तो प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त वीज देत होता. आकडा बहात्तरवर थांबला.

लायल खूश व्हायच्या ऐवजी अडून बसला. "कशामुळे उतरला? खुंट्यांमुळे की विजेमुळे?"

"खुंट्यांमुळेच, बहुतेक. पण दोन्ही एकदम केलं ना, नक्की कितीचा वाटा कुणाचा ते आता सांगता येणार नाही."

"मग लांब खुंट्या परत लावून बघू."

"तुम्ही बघा घरी," रोवेना म्हणाली. "मी हात लावणार नाही."

परतीच्या वाटेवर तो पूर्ण वेळ बोटांवर शक्यता मोजत होता. माझी जीभ बधिर होती, नाहीतर गप्प बस म्हटलं असतं.

खुंट्या मात्र त्याने बदलल्या नाहीत. रविवारी दुपारी मी गेले, तेव्हा विमान वीस मिनिटं हवेत होतं. मार्लिस शेजारी खुर्ची ओढून बसली होती. बावीस वर्षांत ती त्याच्या खऱ्या विमानात एकदाही चढली नव्हती; तिला भीती वाटायची.

"आता कुठे आहोत आपण?" तिने विचारलं.

लायलने खाली बघितलं. रस्ते ओळखीचे वाटत होते, पण गावाच्या जागी चार छपरं आणि एक भलतंच तळं होतं.

"कळत नाहीये," तो म्हणाला. "तू धर जरा, मी नकाशा बघतो."

तिने विमान वळवायचा दांडा हातात घेतला आणि विमान डावीकडे कललं.