मामांची बर्लिनची चिठ्ठी

मामांना न विचारता जालना जिल्ह्यातून जो निघाला, तो हमखास चुकीच्या गाडीत बसला, असं निदान मामांचं तरी ठाम मत आहे. एसटीत कंट्रोलर म्हणून त्यांची हयात चौकशीच्या खिडकीत गेली, आणि निवृत्त झाल्यावर ती खिडकीच ते घरी घेऊन आले. जवळच्याच हसनाबादला लग्नाला निघालेल्यालाही ते पाठकोऱ्या कागदावर चिठ्ठी देतात: गाडी कुठं बदलायची, कुठल्या स्टँडवरचा वडा टाळायचा. जाफराबादची एक म्हातारी त्यांच्या चिठ्ठीवर काशी करून आली, तर प्रसाद हातात घेण्याआधी मामांनी विचारलं, "वडा न्हाई ना खाल्ला?" स्वतः मामा नागपूरच्या पुढे गेलेले नाहीत.

त्यामुळे मी आणि संदीप बर्लिनला चाललोय म्हटल्यावर चिठ्ठी येणार हे ठरलेलंच होतं. आम्ही दोघं आठ वर्षं एकत्र राहतो. घरच्यांच्या लेखी तो माझा रूम पार्टनर, आणि ते तसंच राहावं म्हणून मी किती खोटं बोललोय ते माझं मला माहीत.

मामांनी हातात ठेवलेल्या चिठ्ठीची पहिली ओळ मी दोनदा वाचली. 'हॉटेलला आधीच कळवा, दोघांत एकच पलंग लागेल. तिथं जाऊन वाद नको.' पुढे: 'बर्लिनला जोडीनं फिरायला भीती नाही. वाटेत विमान बदलाल तिथला कायदा मात्र कडक, तिथं हात धरू नका. त्रास झाल्यास मदत करणाऱ्या संस्थेचा पत्ता समासात.' समासात खरोखरच पत्ता होता.

मी चिठ्ठीवरून मान वर केली. मामाच म्हणाले, "आठ वर्षं दिवाळीला दोघं एकाच गाडीतून उतरून राह्यले. कंट्रोलरला कळत न्हाई का?"

"पण ही माहिती काढली कुठून?"

"विचारून. बियाणं कंपनीतला साहेब तिकडं जाऊन आल्ता. मंग स्टेशनजवळच्या शेठच्या पोरीला फोन लावला, ती तिथंच शिकून राह्यली. दोन बाप्ये जोडीनं आले तर चालतं का, म्हणलो. तिनं बराबर सांगितलं."

म्हणजे अख्ख्या जालन्यात बोभाटा. "माझं नाव सांगितलं?"

"बिलकुल न्हाई," मामा दुखावून म्हणाले. "मलाच जायचंय म्हणलो."

सत्तरीतले, विधुर मामा. टपरीवर लोक आता त्यांना "काय मामा, जोडीदार कोण?" असं विचारून हसतात, हे मला नंतर कळलं. मी हात जोडले, तर म्हणाले, "हसू दे. खिडकीवर कुठं जायचं तेवढंच विचारतात. कोणासोबत, ते न्हाई."

चिठ्ठीची शेवटची ओळ होती: 'पोचल्यावर दोघांनी फोन करा.' आजवर घरून कुणी 'दोघांनी' म्हटलं नव्हतं. बर्लिनला उतरल्याबरोबर फोन लावला आणि संदीपच्या हातात दिला.

"शेजारी शेजारी जागा मिळाली ना?" मामांनी विचारलं.

"मिळाली, मामा," संदीप म्हणाला. इतकी वर्षं तो त्यांना काका म्हणत आला होता.