शैला पाटील यांची अळणी डाळ

गेल्या महिन्यात एका सकाळी नालासोपाऱ्याजवळच्या गास गावाहून वसंत पाटील यांचा फोन आला. "वहिनी गेली," ते म्हणाले. "तुम्ही पेपरात लिवाल ना? विहिरीचं लिवा. आजारपनाचं नको." दिराची ही अट शैलाताईंनाही मान्य झाली असती.

शैला पाटील माहेरच्या डोंबिवलीच्या. रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या करवंटीपासून कोळसा तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागल्या. लग्न होऊन गासला आल्या तेव्हा घरामागच्या विहिरीचं पाणी गोड होतं आणि वाडीत पानवेली होत्या. नव्वदच्या दशकात नालासोपारा, विरारला इमारती उठल्या. त्यांच्यासाठी टँकर गावोगावच्या विहिरींवर येऊ लागले आणि उपसा वाढला तसं खाडीचं पाणी जमिनीखालून आत सरकलं. विहीर आधी मचूळ झाली, मग खारी. पानवेली जळाल्या. विहीर बुजवून तिथे भाड्याच्या खोल्या काढायचं वसंतरावांनी ठरवलं. बिल्डरचा माणूस येऊन जागा बघून गेला. "एक उन्हाळा थांबा, भाऊजी," शैलाताई म्हणाल्या. "एकच," वसंतराव म्हणाले. "पावसाआधी भराव टाकतंय मी."

त्याच उन्हाळ्यात खाऱ्या विहिरींवर बातमी करायला मी गासला गेलो आणि शैलाताईंची ओळख झाली. रिकाम्या पडलेल्या गोठ्यात त्यांनी काम मांडलं होतं. खलबत्त्यात करवंटीचा कोळसा, शेजारी ग्रॅफाइटचे पातळ पत्रे आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर. त्यांनी मला सरळ शब्दांत समजावलं. पाण्यात विरघळलेल्या मिठाचे दोन भाग होतात, एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. कोळशाचा लेप दिलेल्या दोन पत्र्यांना अगदी कमी दाबाची वीज जोडायची आणि मधून पाणी सोडायचं. एक भाग या पत्र्याकडे ओढला जातो, दुसरा त्या. पत्रे भरले की तारा उलट्या जोडायच्या. मीठ सुटतं आणि ते पाणी वेगळं काढता येतं. करवंटीच्या कोळशात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, चिमूटभर कोळशाच्या आतली जागा उलगडली तर अंगण झाकेल, असं त्या म्हणाल्या. अडचण लेपाची होती. चिकटवण जास्त झालं की छिद्रं बुजत, कमी झालं की लेपाच्या खपल्या निघत. घाई करून वीज वाढवली तर पाण्यातून बुडबुडे येत आणि एका बाजूचा पत्रा झिजत जाई. वसंतराव दारातून डोकावून जात. "आमच्या बापाच्या विहिरीला वहिनी करंट देते," ते मला म्हणाले. "मासे असते तर ते तरी शिजून मिळाले असते." शैलाताईंनी मान वर केली नाही. "तुमच्या टीव्हीपेक्षा कमी वीज खाते ही, भाऊजी," एवढंच म्हणाल्या.

मे महिन्यात मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी जेवायला ठेवून घेतलं. स्वयंपाक सासूबाईंचा होता. सकाळी शैलाताईंनी स्वयंपाकघरातला हंडा यंत्राच्या पाण्याने भरला होता आणि कोणाला काही सांगितलं नव्हतं. वसंतरावांनी पहिला घास घेतला आणि ताट पुढे सरकवलं. "आये, डाल अलनी हाय. मीठ इसरलीस."

"मी डालीत मीठ घालतंय कदी?" सासूबाई म्हणाल्या. "पान्यातच असतं ना."

विहीर खारी होत गेली तशी त्यांच्या हाताची चिमूट वर्षानुवर्षं लहान होत गेली होती, आणि शेवटी थांबली होती. घरात कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. वसंतरावांनी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, मग सगळा पेला रिकामा केला. शैलाताईंनी मिठाची बरणी त्यांच्यासमोर ठेवली. "आता वरून घ्या, भाऊजी," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी भराव पडला नाही. या पाण्यावर घर भागेल, वाडी नाही, हे शैलाताईंनी मला त्याच दुपारी सांगितलं आणि बातमीत तसंच लिहायला लावलं. पानवेली परत आल्या नाहीत. पत्र्यांतून सुटलेलं खारं पाणी मात्र त्यांनी नळी टाकून थेट खाडीकडच्या नाल्यात सोडलं. विहिरीतलं मीठ वाडीत ओतलं तर ते पुन्हा विहिरीतच येणार, हे त्यांचं साधं गणित होतं. पुढे बरीच वर्षं घराचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी त्या गोठ्यातून येत राहिलं. लेप दर थोड्या महिन्यांनी नवा करावा लागे. तो त्या स्वतः करत.

परवा मी गासला गेलो. आता गावात नळ आला आहे, एक दिवसाआड. गोठ्यात वसंतराव पाटावर बसून कोळशाचा लगदा पत्र्यावर पसरत होते. हात कोपरापर्यंत काळे. मी असतानाच बिल्डरकडचा एक तरुण दारात आला. "काका, नळ आला ना आता? मग विहिरीचं काय करताय?"

"चालू हाय ती," वसंतराव म्हणाले.

तरुणाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. "हे काय, नवीन धंदा काय?"

"नाय," ते म्हणाले, आणि पत्र्याची कड बोटाने सारखी करत राहिले. "वहिनीचं काम हाय."