टिळेकरबाईंची खोडरबरांची बरणी

मी इंजिनीअरिंग सोडलं, त्याला जबाबदार एकच व्यक्ती: टिळेकरबाई. जयपुरात चित्रं काढायच्या आणि दर रविवारी गच्चीवर आम्हा मिलिटरी क्वार्टर्समधल्या मराठी पोरांना शिकवायच्या. आम्ही कुणीही दोन जुने विद्यार्थी भेटलो की चहा यायच्या आत बाईंचे तीन किस्से होतात. हे माझ्या वाटणीचे.

*

पहिल्याच दिवशी बाईंनी हात पुढे केला. "रबर."

दिलं. त्यांनी ते लोणच्याच्या बरणीत टाकलं. बरणी रबरांनी गळ्यापर्यंत भरलेली!

"पण चुकलं तर?"

"दिसू दे की. चुका लपवायला शिकायचं असेल तर घरी मोठी माणसं आहेत."

*

सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबांच्या बायकोनं पोर्ट्रेट काढून घेतलं. बघून वैतागली. "मतलब, टिळेकरजी, मैं इतनी बूढ़ी लगती हूँ?"

"बूढ़ी नहीं मॅडम. कंटाळी हुई."

पुढच्या रविवारी मॅडम वही घेऊन गच्चीवर हजर! बाईंनी आधी रबर काढून घेतलं.

*

शीतलामातेच्या जत्रेला बाईंनी आम्हाला जयपूरजवळच्या चाकसूला नेलं. हुकूम एकच: फक्त पाय काढायचे. एक घूंघटवाली माझ्या वहीत डोकावली आणि ओरडलीच, "ये तो म्हारा सुसराजी का पग छै!"

नुसत्या पायांवरून सासरा ओळखला! आम्ही खो खो हसलो. बाई नाही हसल्या. "तिला घरात तेवढंच बघू देतात. तुम्हाला सगळं दिसतं, तुम्ही काय दिवे लावलेत?"

*

फायनल इयरचा पेपर उद्यावर, आणि मी गच्चीवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, सुभेदार मेजर, घरात कुणाचं एक अक्षरही ऐकून न घेणारा माणूस. मला कॉलर धरून न्यायला तरातरा जिना चढून आले. नेमका त्या दिवशी चित्रासाठी समोर बसणारा आमचा मॉडेल भैया आला नव्हता. अण्णांनी तोंड उघडायच्या आत बाईंनी स्टूल दाखवलं.

"बसा. हनुवटी वर. हलायचं नाही!"

उभा जन्म ऑर्डर पाळण्यात गेलेला माणूस तो. बसला! दोन तास!

बापाकडे इतका वेळ मी कधी बघितलंच नव्हतं.

उठल्यावर त्यांनी माझी वही ओढून घेतली.

"नाक चुकलंय. खोड."

"इथं खोडत नाहीत, सुभेदारसाहेब." बाईंनी बरणीकडे बोट केलं.

अण्णांनी बरणीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मग राहू दे."

दुसऱ्या दिवशी मी पेपरला गेलो नाही, पुढेही कधी बसलो नाही. डिग्री गेली.