वैजनाथरावांचा जर्मन उंबरा

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ही म्हण ज्याने काढली त्याने आधी घराचं काम काढलेलं असणार. समोरच्या वैजनाथरावांच्या फ्लॅटमधला हत्ती दिवाळीआधी गेला. नवं किचन झालं, फरशी झाली, रंग झाला. ‘किरकोळ राहिलंय, माणूस पाठवतो’ असं सांगून कंत्राटदार गेला आणि मग फोनच उचलेना. राहिलेलं किरकोळ असं होतं: फरशीवर फरशी बसवल्यामुळे आतली दारं खाली घासत होती, बाथरूमचा नळ ठिबकत होता, बैठकीतलं बटण दाबलं की पॅसेजमधला दिवा लागत होता. आणि फरशी सलग दिसावी म्हणून त्या शहाण्याने मुख्य दारातला उंबरा उपटला होता. तिथे नुसती खाच उरली होती.

त्या उंबऱ्याची आणि माझी ओळख जुनी. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही वारज्यात राहायला आलो, तेव्हा नारायण पेठेतल्या माझ्या नणंदेने ‘कुसुम, तिकडे रात्री कोल्हे ओरडतात का गं?’ असं काळजीने विचारलं होतं. त्याच आठवड्यात समोर वैजनाथराव आले. परभणीकडचे, भोसरीच्या एका कारखान्यात सुतार. मशिनं पेट्यांत बांधायची आणि पेट्यांतून सोडवायची, हे त्यांचं काम. त्यांच्या मंडळी गोदाबाई कळशी घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. बिल्डरने खाली संगमरवराची पट्टी बसवली होती.

“उंबरा कुठंय?” त्या म्हणाल्या. “ही काय धर्मशाळा हाय?”

आणि आत जाईनात. शेवटी दोन्ही पोरांना घेऊन त्या आमच्याकडे राहिल्या. तोवर आमची साधी ओळखही नव्हती.

त्या काळात परदेशी माल यायला नुकती सुरुवात झाली होती. कारखान्यात जर्मनीहून मशीन आलं होतं. साहेबांना विचारून वैजनाथरावांनी त्याच्या पेटीतली एक जाड फळी आणली, रंधा मारला आणि दारात उंबरा बसवला. फळीच्या खालच्या अंगाला काळी जर्मन अक्षरं होती, ती त्यांनी तशीच राहू दिली. गोदाबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि मगच उजवं पाऊल आत टाकलं.

“गोदाबाई, उंबऱ्याशी जर्मनमधून बोलत जा,” आमचे हे त्यांना चिडवायचे.

“त्याला मराठी समजतंय. तुमालाच कळंना,” त्या सुनवायच्या. पेठेत जन्मल्या असत्या तर नाव काढलं असतं.

पुढे रोज सकाळी सडा-रांगोळी आणि उंबऱ्यावर हळदकुंकवाची दोन बोटं. त्यांचा मुलगा संतोष हिंजवडीत नोकरीला लागला तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच उंबऱ्यावर उभा राहिला होता. नम्रता सून होऊन आली तेव्हा तिने माप ओलांडलं ते तिथेच, आणि सांडलेले तांदूळ पार आमच्या दारापर्यंत आले होते. वैजनाथरावांचा कारखाना बंद पडला, त्या संध्याकाळी ते घरात न जाता त्या उंबऱ्यावर बसून राहिले. गोदाबाई चहा घेऊन शेजारी बसल्या.

गेल्या वर्षी गोदाबाईंची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, चाकांची खुर्ची आली. घरात धूळ नको म्हणून काम चालू असताना त्या लेकीकडे, अपेक्षाकडे, कोथरूडला होत्या. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि वैजनाथराव गॅलरीत उभे राहून तो स्पीकरवर घ्यायचे, त्यामुळे आम्हालाही ऐकू यायचा.

“उंबरा... हाय ना जागेवर?”

“हाय,” वैजनाथराव म्हणायचे. फळी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी असायची.

“बाबा, रविवारी आईला आणतोय,” संतोष म्हणाला. “तेवढी खाच भरून सपाट करून घ्या ना. व्हीलचेअर अडेल.” पोराचं काही चुकत नव्हतं.

वैजनाथरावांनी दारं तासली, नळाचा वॉशर बदलला, दिवे आपापल्या बटणांवर आणले. खाचेला मात्र हात लावेनात. घरातली कामं संपली तशी आमच्याकडे आले. “कुसुमताई, तुमची खिडकीची कडी ढिली वाटती.”

“ती आम्ही राहायला आल्यापासून ढिली आहे,” मी म्हटलं. “तुम्ही आधी आपला उंबरा बघा.”

ते बराच वेळ कडीच पिरगाळत राहिले. मग म्हणाले, “ताई, मी तिला हाय म्हणून सांगितलंय. नसला तर ती आत यायची नाही. आन असला तर तिची खुर्ची यायची नाही. काय करू?”

मी चहा टाकला.

रविवारी लिफ्ट उघडली. नम्रता भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने तो ओवाळून टाकला, खुर्ची दारापाशी आली, आणि पाहतो तर दारात उंबरा! पूर्वीसारखाच, उंच.

“अहो बाबा, काय हे?” संतोष वैतागला.

वैजनाथराव खाली वाकले. दोन्ही हातांनी फळी धरून त्यांनी ती सरळ वर उचलली. चौकटीला दोन्ही बाजूंनी पटाशीने खोबण्या केल्या होत्या. खुर्ची आत गेली आणि त्यांनी फळी परत खोबणीत सोडली. संतोष हसला, आम्ही सगळेच हसलो. गोदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. खुर्ची वळवायला लावून त्या उंबऱ्याकडे बघत राहिल्या.

“आता त्याला... कुंकू... कोण लावंल? माझा हात... खाली पोचंना.”

हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. वैजनाथरावांनाही नाही. मग त्यांनी फळी पुन्हा उपसली, खांद्यावरच्या टॉवेलने पुसली आणि अलगद गोदाबाईंच्या मांडीवर ठेवली. नम्रताने हळदकुंकवाची कुयरी पुढे केली. गोदाबाईंनी डाव्या हाताची बोटं बुडवली.

“वाकडं झालं,” त्या म्हणाल्या.

“आसू दे,” वैजनाथराव म्हणाले.

आता रोज सकाळी समोरचं दार उघडतं आणि उंबरा उठून गोदाबाईंच्या मांडीवर जातो. तेवढा वेळ त्यांचं घर बिनउंबऱ्याचं असतं. मी चहाचा कप घेऊन माझ्या दारात उभी राहते आणि ते घर राखते.