वाळला की काढा

"हे काय आहे?" मी विचारलं.

"लेप," सविता म्हणाली.

"कधीचा?"

"पयल्या दिसापासूनचा."

टेबलावर साडेचार वर्षांची आरोही पालथी झोपली होती. उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला तळहाताएवढी पिवळट तपकिरी खपली होती. खपली कसली, गिलावाच तो. कडेची कातडी लाल आणि गरम. मी थर्मामीटर लावला. ताप एकशे दोन.

तो लेप सतरा दिवसांपूर्वी मीच लिहून दिला होता.

"लेप रोज काढायचा असतो. सांगितलं होतं ना?"

"तुमी सांगितलं तसंच केलं, मॅडम."

"असं कोण सांगेल? सतरा दिवस एकावर एक थापायचा?"

माझा आवाज चढला होता. बाहेर बाकावर अजून नऊ जण बसलेले होते आणि सकाळपासून पोटात फक्त चहा होता. पण ही काही सबब नाही. सविताची सासू शेजारीच उभी होती. नात आजारी म्हणून ती गावाकडून, कन्नडहून, आदल्या दिवशी आली होती. तिला हवं ते तिला माझ्याकडून मिळालं.

"सातवी पास म्हणून करून आणली," ती म्हणाली, "अन् हिला एक चिठ्ठी वाचता यीना."

सवितानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

मी वैद्य आहे. सिडकोत छोटा दवाखाना आहे, सव्वीस वर्षं झाली. आमच्याकडे पेशंट सुरुवातीला कधीच येत नाही. सगळीकडे फिरतो, कंटाळतो, मग येतो, आणि आठ दिवसांत गुण मागतो. "झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो ना मॅडम?" हा प्रश्न रोज दहादा ऐकते. उत्तर देऊन देऊन मी थकले. हल्ली नुसती मान हलवते. ती होकाराची की नकाराची हे ज्याचं त्यानं ठरवावं.

सविता आणि तिचा नवरा गणेश शेंद्र्याला भाड्याच्या खोलीत राहतात. गणेश तिथल्याच एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. आरोहीला वर्षभर गळवं होत होती. एक बसलं की दुसरं यायचं. गळू जंतूमुळे होतं. तो जंतू कातडीवर आणि नाकात मुक्काम करून असतो, आणि खाजवून कुठं ओरखडा पडला की आत शिरतो. तीन वेळा अँटिबायोटिक झालं होतं, आणि तिन्ही वेळा गळू सुकलं की यांनी औषध बंद केलं होतं. अर्धवट मार खाल्लेला जंतू पुढच्या वेळी निबर होऊन येतो. घरोघरी असंच चालतं, यांनाच काय नावं ठेवायची?

मी दोन गोष्टी दिल्या होत्या. एक काढा, म्हणजे कडुलिंबाचा पाला आणि त्रिफळा उकळून, गाळून केलेलं पाणी. प्यायला नाही, धुवायला. दुसरा लेप. हळद, दारुहळद आणि मंजिष्ठा यांचं चूर्ण त्याच काढ्यात कालवून गळवांवर पातळ लावायचं. लेपाचा एक साधा नियम आहे. ओला असेपर्यंतच त्याचा उपयोग. वाळला की तो कातडी ओढतो, तडकवतो, म्हणून लगेच धुवून टाकायचा. जुन्या लेपावर नवा कधीच लावायचा नाही. कॉलेजात हे आमच्याकडून घोकून घेतलेलं असतं. ताप आला तर थेट बालरोगतज्ज्ञाकडे जा, हेही मी सांगितलं होतं. आठ दिवसांनी दाखवायला बोलावलं होतं. पण गणेशची शिफ्ट बदलली आणि पोरीला आणणारं कुणी नव्हतं.

कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवून ठेवून तो गिलावा सुटायला पाऊण तास लागला. थरावर थर निघत होते. आरोही आधी किंचाळली, मग नुसती कण्हायला लागली. ते कण्हणं ऐकवत नव्हतं. खाली तीन गळवं एक झाली होती. तोंड बंद झाल्यामुळे पू आतल्या आत पसरला होता. दाबलं की बोट आत जात होतं.

आता इथं पाल्याचं काम नव्हतं. मी डॉ. साळुंक्यांना फोन केला. ते बालरोगतज्ज्ञ आहेत, जवळच्या एका हॉस्पिटलमध्ये बसतात. बाहेरच्या नऊ जणांना उद्या या म्हणून सांगितलं आणि रिक्षात मीही बसले.

साळुंक्यांनी मांडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"वैद्यबाई, हे काय थापून पाठवलंत?"

"लेप आहे. रोज काढायचा होता. आईनं काढला नाही."

त्यांनी ते केसपेपरवर इंग्रजीत लिहून टाकलं. आईनं सूचना पाळल्या नाहीत, अशी एका ओळीची नोंद. मला त्या क्षणी बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

संध्याकाळी भूल देऊन पू काढला. थोडा कल्चरला पाठवला. कल्चर म्हणजे पुवातला जंतू बशीत वाढवायचा, त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि कोणत्या चकतीभोवती तो मरतो ते बघायचं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजानं अँटिबायोटिक चालू केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा ताप एकशे तीन होता. साळुंके म्हणाले, "जंतू रक्तात उतरला तर अवघड आहे. बघू." त्यांचं 'बघू' मला चांगलं कळतं. मीही ते वापरते.

सविता वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती.

"आत का नाही बसलीस?"

"सासूबाई बसू देत नायत. म्हणत्यात, हिचा हात लागू देऊ नका लेकराला." मग थांबून म्हणाली, "सुट्टी झाली की पोरीला कन्नडला नेणार हायेत. त्यांच्यापाशीच ठेवणार."

"गणेश काय म्हणाला?"

"कायबी नाय म्हणले."

तिनं पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत माझी चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली.

"मॅडम, एकदा तुमीच बघा. माजं काय चुकलं?"

मी चिठ्ठी उघडली. अक्षर माझंच.

काढा – धुण्यासाठी, कोमट.
लेप – पातळ थर. वाळला की काढा.

मी दोनदा वाचलं. चूक दिसेना. "तू हे कसं वाचलंस?" मी विचारलं.

तिनं ओळीवर बोट ठेवलं. "लेप लावायचा, पातळ. वाळला की काढा. म्हंजे वाळला, की त्यावर काढा टाकायचा. काढ्यानं लेप नरम पडतो, मंग त्याच्यावर दुसरा बसतो. रोज तीनदा केलं, मॅडम. एक दिस चुकवला नाय."

आयुष्यभर मी हा शब्द लिहीत आले. काढा म्हणजे औषध आणि काढा म्हणजे दूर करा. वरच्या ओळीत एक अर्थ, खालच्या ओळीत दुसरा. ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच तो फरक दिसणार. जिला माहीत नाही, तिनं वरच्या ओळीतला काढा खालच्या ओळीत घेतला. दुसरं काय करणार होती ती?

आणि मग मला फोन आठवला. दहाव्या दिवशी तिनं फोन केला होता. "मॅडम, लेप लई कडक झालाय." समोर पेशंट होता. मी म्हणाले, "अगं, वाळला की काढा, लिहून दिलंय ना?" ती म्हणाली, "व्हय, तेच करते." मी म्हणाले, "मग ठीक आहे." आम्ही दोघी आपापल्या जागी बरोबर बोलत होतो आणि पोरीच्या मांडीत पू साचत होता.

खरं तर तेव्हाच आत जाऊन सांगायला हवं होतं. मी चिठ्ठीची घडी घातली, तिच्या हातात दिली, "बघते" म्हणाले आणि निघून आले. दुसऱ्या कुणी ती चिठ्ठी पाहिली नव्हती. केसपेपरवर आईचं नाव लागून गेलं होतं. साळुंके आधीच आम्हाला झाडपालावाले समजतात. बातमी गेली की सिडकोभर फिरायला वेळ लागत नाही. सव्वीस वर्षांत मिळवलेलं नाव असतं, म्हटलं तर तेवढंच. असा सगळा विचार करत मी संध्याकाळभर घरात फेऱ्या मारल्या. जेवण गेलं नाही. कुणाकुणाला चिठ्ठीत 'काढा' लिहिलंय ते आठवत बसले आणि मोजणं सोडून दिलं. माझी मलाच लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

सकाळी साळुंक्यांच्या राउंडला मी हजर होते. कल्चरचा रिपोर्ट आला होता. औषधांची लांब यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे इंग्रजी आर. गणेशनं कागद वाकून पाहिला.

"आर म्हंजे राइट ना, सर? लईच राइट हायेत."

"रेझिस्टंट," साळुंके म्हणाले. "म्हणजे या औषधानं जंतूला काही होत नाही. दोनच उरलीत. त्यातलं एक आत्ता सुरू करतोय."

सासू म्हणाली, "आईनंच लेकराला या दशेला आणलं."

"आजी, थांबा," मी म्हणाले. "सविताला आत बोलवा."

सविता दारातच उभी राहिली. मी तिच्याकडून चिठ्ठी घेतली आणि गणेशला दिली. "मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं. 'वाळला की काढा'पाशी थांबला. वरची ओळ पाहिली, परत खालची पाहिली.

"म्या बी असंच वाचलं असतं," तो हळू म्हणाला.

"कुणीही वाचलं असतं," मी म्हणाले. "मला म्हणायचं होतं, वाळला की धुवून टाका. मी तसं लिहिलं नाही. तिनं फोन करून विचारलं तेव्हाही मी नीट ऐकलं नाही. चूक माझी आहे. हिनं लिहिल्यासारखं केलं."

सासूनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हंजे चूक डॉक्टरणीची?"

"हो."

सविता माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता चिडेल. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"म्हंजे म्या बरोबर वाचलं व्हतं," ती म्हणाली. मग सासूसमोरून चालत गेली आणि पोरीच्या कॉटवर बसली. तिला कुणी अडवलं नाही.

साळुंके मला बाहेर घेऊन आले. "जंतू हट्टी होताच. तीन अर्धे कोर्स झालेत, ते काही तुमचं पाप नाही. पण पू कोंडला तो तुमच्या लेपानं."

"माहीत आहे. केसपेपर दुरुस्त करा."

"खोडता येत नाही. खाली नवी ओळ लिहितात."

"मग लिहा. मी सही करते."

त्यांनी लिहिलं, मी सही केली. बातमी फिरली का, तर फिरली. दोन महिने दवाखाना जरा थंड होता. मग पूर्ववत झाला, कारण लोकांना सगळीकडे फिरून झाल्यावर कुठंतरी यायचंच असतं.

आरोहीचा ताप नव्या औषधाच्या तिसऱ्या दिवशी उतरला. अकराव्या दिवशी तिला सुट्टी मिळाली. अँटिबायोटिकचा कोर्स या वेळी पूर्ण झाला, सविता कॅलेंडरवर खुणा करत होती. मांडीवर बोटभर व्रण राहिला, तो जाणार नाही. पोरगी कन्नडला गेली नाही. सासूबाई मात्र एकट्या गेल्या आणि माझ्याकडे त्या परत कधी आल्या नाहीत. त्यांचं मी समजू शकते.

तेव्हापासून मी चिठ्ठीत 'काढा' हा शब्द एकाच अर्थानं वापरते. बाकी सगळं 'धुवून टाका'. आणि पेशंट उठायच्या आधी विचारते, घरी जाऊन काय काय करणार ते सांगा. दोन मिनिटं जास्त जातात. बाहेरचे कुरकुर करतात. त्या दोन मिनिटांत काय काय ऐकायला मिळतं ते सांगत नाही, वैद्यकीवरचा तुमचा विश्वास उडेल.

जखम भरल्यावर महिन्याभरानं सविता आरोहीला घेऊन आली. गळवं परत येऊ नयेत म्हणून काय करायचं, असं विचारत होती. साळुंक्यांची काढ्यानं धुवायला हरकत नव्हती. पोरीचा टॉवेल वेगळा, नखं कापलेली, रोज एकदा ताज्या काढ्यानं धुणं, उरलेला काढा मोरीत ओतायचा. लेप नाही. मी सावकाश, सुट्ट्या अक्षरात लिहिलं. मी विचारायच्या आत तिनं चिठ्ठी उचलली आणि पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत मोठ्यानं वाचली. मग माझ्याकडे पाहून सरळ विचारलं,

"यातून दुसरा काय अर्थ निघत नाय ना, मॅडम?"

मी तिच्या हातातून चिठ्ठी घेतली, चष्मा लावला आणि परत एकदा वाचायला बसले.